बंद मॉनिटरसमोरची पूनम

पूनम आमच्याकडे रुजू झाली तेव्हा तिला द्यायला खुर्ची होती, काम नव्हतं. मी रंगराव, चिखलीतल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मुख्य लिपिक. दिव्यांगांसाठी राखीव असलेली जागा भरा, असं वरून दोनदा पत्र आलं. तिसऱ्या पत्रात 'अन्यथा' हा शब्द होता, म्हणून आम्ही ती भरली. वरवट बकाल गावची मुलगी, वय सव्वीस, जन्मापासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, संगणकाचा कोर्स पूर्ण. अर्जात हा कोर्स वाचून ऑफिसात सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

सचिव नारायणरावांनी तिला टेलिफोनपाशी बसवलं. त्या टेलिफोनची घंटा आठवड्यातून एकदा वाजायची आणि तोही बहुधा राँग नंबर असायचा. तिसऱ्या दिवशी पूनम माझ्या टेबलापाशी आली. "काका, कॉम्प्युटर भेटन का?"

अडगळीत एक होता. दिवाळीत मॉनिटर जळाला म्हणून आम्ही तो भंगारात काढायला ठेवला होता. "हाच लावून दे," मी शिपायाला सांगितलं, "तिला काय फरक पडतो?" स्वतःच्या या विनोदावर मी पुढे दोन दिवस खूश होतो.

तिनं कानाला हेडफोन लावले, पेन ड्राइव्हमधून काहीतरी आत टाकलं आणि तिची बोटं चालू लागली. माउसला तिनं हातही लावला नाही, उचलून बाजूला ठेवला. पडद्यावर जे असेल ते तिचं यंत्र कानात वाचून दाखवतं, असं तिनं सांगितलं. मी एकदा हेडफोन कानाला लावून पाहिले. आतली बाई इतक्या वेगानं बोलत होती की मला एक शब्द कळेना. "आँ? हे तुला समजतं?"

"हळू केलं की झोप येते, काका."

त्या दिवशी तिनं माझं एक ताजं परिपत्रक ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. मी चिडलो. मी सत्तावीस वर्षं परिपत्रकं काढतोय, अजून कोणी हसलं नव्हतं.

"शीर्षक मधात आणाले तुम्ही तेवीस डाव स्पेस मारली न काका. ते मले तेवीसही डाव सांगून राह्यलं."

मग तिनं दोन कळा एकदम दाबल्या आणि शीर्षक आपोआप मध्यावर गेलं, असं ती म्हणाली. मी फाईल माझ्या संगणकावर नेऊन पाहिली. गेलं होतं.

आमची कामाची पद्धत जिल्ह्यात सगळ्यांची असते तीच: मागच्या वर्षीची फाईल उघडायची, तारीख बदलायची आणि छापायची. पूनमचं तिथंच अडलं. नवी पत्रं तिला ऐकता यायची, पण आमच्या जुन्या फाईल ज्या फॉन्टमध्ये होत्या, त्यात मराठी फक्त दिसायला मराठी असते. आत इंग्रजी अक्षरं आणि कंस भरलेले असतात. तिचं यंत्र नेमकं आतलंच वाचायचं, आणि तिला ऐकू यायचा निव्वळ कचरा. म्हणून वार्षिक अहवाल तिनं नव्यानं टाईप करायला घेतला. मी जुना अहवाल मोठ्यानं वाचायचो, ती टाईप करायची. सत्तावीस वर्षांत मी तो अहवाल पहिल्यांदाच वाचत होतो.

"थांबा काका. ह्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ मागच्या साली झाला का यंदा?"

मी कपाट उघडून पाहिलं. ते सद्गृहस्थ आमच्या अहवालात गेली चार वर्षं दरवर्षी निवृत्त होत होते, आणि सभेत पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या निरोपाला टाळ्या वाजवत होते. डोळे असलेल्या आम्हा सात जणांनी आणि दोनशे सभासदांनी ते पाहिलं नव्हतं.

तो अहवाल देखणा झाला. प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक तिनं शीर्षक म्हणूनच बांधलं होतं, त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार झाली. अध्यक्षांनी छपाईच्या आदल्या दिवशी नव्या प्रयोगशाळेवर चार पानं वाढवली, तेव्हा मला घाम फुटला. तिनं एक कळ दाबली आणि सगळे पृष्ठक्रमांक आपल्या जागी जाऊन बसले. कागद आत नेणं माझं काम होतं. नारायणरावांनी पानं चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "रंगराव, हे तुम्ही केलं?"

मी नुसता हसलो. खोटं बोललो नाही, असं त्या वेळी मी स्वतःला समजावलं होतं. सप्टेंबरच्या सभेत मला शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पूनमही होती.

तिथून माझं नशीब उघडलं. पत्रं, ठराव, प्रस्ताव, शाळांची वेळापत्रकं, सगळं मी सांगायचो, ती करायची, आणि आत मी न्यायचो. मी टायपिंग पार विसरलो. पूनमचं परिवीक्षेचं वर्ष चालू होतं. वर्षाच्या शेवटी समितीचा शेरा चांगला आला तर कायम, नाहीतर घरी. तिच्यासाठी आई, मंजुळाबाई, गाव सोडून चिखलीत एका खोलीत राहत होती. मी एकदा पूनमला म्हणालो, एवढी धडपड कशाला, घरी शेती आहे, भाऊ आहे, खायला कमी नाही.

"खायले कमी नाही, काका. पण घरी मले कोणी काम सांगत नाही. सकाळी उठलं का बाजेवर, संध्याकाळी बी बाजेवर."

मी हो हो म्हटलं आणि तिला पुढचं पत्र सांगायला घेतलं.

जूनमध्ये पाहणी समिती आली. सदस्य इंद्रभानजी दारातून आत शिरले तेच पूनमपुढे थबकले. कानाला हेडफोन, समोर काळाकुट्ट पडदा. त्यांनी सोबतच्या सदस्याला कोपरानं खुणावलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. त्या क्षणी पूनम इंद्रभानजींचंच संध्याकाळचं भाषण टाईप करत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. "साहेब, तिचा मॉनिटर मीच बंद पडलेला दिलाय," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की मग ती करते काय? आणि त्याचं उत्तर माझ्या घरी शाल होऊन घडी घालून ठेवलेलं होतं.

"कोण आलं होतं काका?" तिनं हेडफोन काढून विचारलं.

"पाहणीवाले."

"माह्याबद्दल काही बोलले?"

"नाही."

शेरा आला तो असा: 'सदर कर्मचारी संगणक बंद ठेवून गाणी ऐकत बसलेल्या आढळल्या.' नारायणरावांनी मला आत बोलावलं. "गुरुवारी तीनला कार्यकारिणीची बैठक आहे. हिच्या सेवासमाप्तीचा प्रस्ताव ठेवा. नियम, तारखा, परिशिष्टं, सगळं व्यवस्थित पाहिजे. उद्या कोर्टात गेली तर टिकलं पाहिजे."

हे काम मी पूनमला देणार नव्हतो, इतकी लाज मला होती. बुधवारी दिवसभर मी दोन बोटांनी सहा पानं बडवली. गुरुवारी सकाळी नारायणरावांनी ती टेबलावर आपटली. "रंगराव, हा काय गचाळपणा? परिशिष्ट दोन आधी, एक नंतर. पान चारनंतर पान चारच. तुमचा अहवाल कसा होता! तसं करून आणा, बारापर्यंत."

मी बाहेर आलो. साडेदहा वाजले होते. नोकरीला तीन वर्षं राहिलेल्या माणसाला काय काय सुचतं! आजारी पडावं, वीज जावी, प्रिंटर जळावा. यातलं काही झालं नाही. शेवटी मी पेन ड्राइव्ह पूनमपुढे धरला. "एवढं जरा नीट करून दे. मजकूर बदलायचा नाही."

तिनं फाईल उघडली. मी बाजूला उभा राहिलो, कारण जायला पाय उचलेनात. दोन ओळी झाल्या असतील, तिची बोटं थांबली. मला वाटलं आता ती रडेल, ओरडेल, हेडफोन काढून फेकेल. तिनं काहीच केलं नाही. वाचणाऱ्या बाईचा वेग तेवढा तिनं कमी केला. झोप येते म्हणणारी ती मुलगी एकेक शब्द हळूहळू ऐकत होती, आणि मी तिथं उभा राहून तिचं ऐकणं पाहत होतो. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही.

मग ती कामाला लागली. माझ्या स्पेस काढल्या, परिशिष्टं जागेवर नेली, पानांना क्रमांक दिले. पाऊण तासानं म्हणाली, "काका, मी रुजू झाल्याची तारीख चुकली. सात नाही, सतरा जुलै. कोर्टात गेलं तर ह्याच्यावरच अडकन."

"दुरुस्त कर," मी कसाबसा म्हणालो.

"केली. अन् खाली 'सादरकर्ता' म्हणून तुमचंच नाव टाकू न? अहवालावर टाकलं होतं तसं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "टाक," म्हणालो आणि छापलेले कागद घेऊन आत गेलो.

नारायणरावांनी सगळी पानं उलटून पाहिली. चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात काम. बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

"मी नाही केलं, साहेब."

"मग?"

"पूनमनं केलं."

त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं, की सदर कर्मचारी संगणकावर कोणतंही काम करण्यास असमर्थ आहेत. ते एकदा कागदाकडे बघत, एकदा माझ्याकडे. "अन् तो अहवाल?"

"तोही तिनंच."

"त्याच्या आधीच्या सालचा?"

"तो माझा."

"तो चार सालं एकच होता," ते म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. मॉनिटरचं, भाषणाचं, सगळं मी सांगून टाकलं. मग त्यांनी सहाही पानं मधोमध फाडली. "शालीचं आपण नंतर पाहू. आता तीनच्या आत तिला कायम करण्याचा प्रस्ताव आणा. तिनं वर्षभरात काय काय केलं त्याची यादी जोडा. एकही काम सुटायला नको."

"मी टाईप करू?"

"तुम्ही?" ते म्हणाले. "आज बैठक आहे रंगराव, पुढच्या महिन्यात नाही."

मी पूनमजवळ खुर्ची ओढून बसलो. "दुसरा प्रस्ताव करायचा आहे. तुला कायम करायचा."

तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. मग तिनं ओढणीनं चेहरा पुसला. "सांगा," ती म्हणाली. "पण खरं सांगा काका. मी जसंच्या तसं टाईप करन."

मी सांगू लागलो. एक, वार्षिक अहवाल. दोन, अकरा शाळांची वेळापत्रकं. ऑफिसातले सगळे हातातलं काम सोडून ऐकू लागले. ज्या ज्या कामाचं मी चहा पिता पिता कौतुक करून घेतलं होतं, ते प्रत्येक काम मी सगळ्यांदेखत मोठ्यानं तिच्या नावावर लावत होतो. यादी सतरावर गेली. तिच्या नावावर वर्षभराचं काम लागलं आणि माझ्या नावावर काय उरलं ते कोणी विचारलं नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"नाही. अठरावं आहे." मी खुर्ची आणखी पुढे ओढली. "लिही. स्वतःच्याच सेवासमाप्तीचा प्रस्ताव, वरिष्ठांच्या चुका दुरुस्त करून, मुदतीत आणि बिनचूक तयार केला."

तिची बोटं थांबली. "हे खरंच टाकू?"

"टाक," मी म्हणालो. "एकही काम सुटायला नको, असं सांगितलंय."