पाठमोरं बाक

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि आमच्या कॉलनीतली प्रत्येक सुधारणा समोरच्या काकूंच्या ओट्यावर. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या कॉलनीत रहिवासी मंडळ त्यांच्या आधीही होतं, नाही असं नाही. पण ते गणपतीत जागं व्हायचं आणि विसर्जनाबरोबर पुन्हा झोपी जायचं. काकू शाळेतून निवृत्त झाल्या, मंडळाच्या सचिव झाल्या आणि सगळ्यांचीच झोप उडाली. मला त्यांनी खजिनदार केलं. मी हिशोबात कच्चा आहे हे प्रामाणिकपणे सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, "हिशोब मी बघते. तुझ्याकडे स्कूटर आहे."

शाळेत वर्षानुवर्षं स्नेहसंमेलनं बसवल्याचा परिणाम असेल, पण कुठलीही गोष्ट पक्की करण्याआधी तिची तालीम झालीच पाहिजे, असा काकूंचा दंडक होता. रस्त्यावर गतिरोधक हवा की नको यावर मंडळात दोन तट पडले, तेव्हा त्यांनी वाद मिटवायच्या भानगडीत न पडता कॉलनीतल्या लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याकडून रिकाम्या गोण्या मागवल्या, त्यात वाळू भरली आणि त्या रस्त्यात आडव्या टाकल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यावरून माझी स्कूटर उडाली. मी लंगडत तक्रार घेऊन गेलो, तर काकूंनी हळद-दूध पुढे केलं आणि आस्थेनं विचारलं, "दणका डावीकडे जास्त बसला की उजवीकडे?" मी डावीकडे म्हणालो. दुसऱ्या दिवशी डावीकडची एक गोणी कमी झालेली होती. मोकळ्या जागेत झाडं कुठे लावायची हे ठरवायला तर त्यांनी सबंध कार्यकारिणीला मे महिन्याच्या भर दुपारी उघड्या छत्र्या घेऊन उभं केलं. "तुम्ही कडुनिंब. जरा मागे सरका. तू करंज, तिथेच थांब." करंज मी होतो. कडुनिंब झालेल्या अध्यक्षांना उन्हानं घेरी आली, तेव्हा काकूंनी त्यांना पाणी पाजलं, वारा घातला आणि जाहीर करून टाकलं की सावलीची खरी गरज इथेच आहे. आज त्या जागी उत्तम कडुनिंब आहे. अध्यक्ष त्याला वळसा घालून जातात.

वर्गणी गोळा करण्याचंही त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. काकू कुणाकडे एरवी पैसे मागायला जात नसत. घरात पाहुणे आहेत याची खात्री झाली की मगच जात. "माणूस एकटा असला की चिक्कू असतो, व्याह्यांसमोर कर्ण होतो," असं त्या म्हणायच्या. दाराबाहेरच्या अनोळखी चपला त्यांना आपल्या ओट्यावरून बरोबर दिसत. हे गुपित ठाऊक असल्यामुळे, पावसाळ्यात इगतपुरीहून माझे साडू सहकुटुंब आले तेव्हा मी सगळ्यांच्या चपला उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. पाच मिनिटांत काकू पावतीपुस्तक घेऊन हजर. मी दाराबाहेर पुन्हा एकदा बघून घेतलं, तर हळूच म्हणाल्या, "गॅलरीत केवढ्या छत्र्या वाळत घातल्यास. नाशिकात एवढी मोठी छत्री कोण वापरतं?" आणि मग आवाज चढवून साडूंना सांगितलं, "तुमचे हे साडू आमच्या मंडळाचा आधारस्तंभ आहेत." आधारस्तंभाला पाकीट काढावंच लागलं.

या सगळ्या खटाटोपात काकूंना स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्यच, पण डावा पाय ओढत चालावं लागे. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं आणि काका उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. मुळात माणूस अबोल, त्यात भिडस्त. "मध्येच दमलो तर टेकायचं कुठे? पडलो तर लोक जमतील," एवढंच म्हणायचे आणि दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. नगरसेवकांनी बागेचं आश्वासन दिलं होतं, पण त्याला वेळ लागणार होता, आणि काकांच्या पायाला तेवढा वेळ नव्हता. काकूंनी भर सभेत सांगून टाकलं, "मला बागबिग नको. फिरायची वाट आणि चार बाकं हवीत. मला ह्यांना घराबाहेर काढायचंय." त्या वर्षी कुणाकडे पाहुणे येण्याची वाट बघावी लागली नाही. मखमलाबादहून दारावर फुलं विकायला येणाऱ्या मावशींनीसुद्धा झेंडूची रोपं आणून दिली. "पैशाचं नाय जमायचं बाई, पन रोपं लय हायेत," म्हणाल्या.

अर्थात आधी तालीम. मोकळ्या जागेत फक्कीनं वाट आखली गेली आणि प्रत्येक घरातून एकेक प्लास्टिकची खुर्ची मागवून वाटेवर मांडली गेली. ज्या खुर्चीत लोक बसतील तिथे बाक. जी रिकामी राहील ती हलवायची. रस्त्यालगतच्या खुर्चीपर्यंत काका एका संध्याकाळी काठी टेकत आले. काकू मुद्दाम बरोबर आल्या नव्हत्या. पदर खोचून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि आपलं तिकडे लक्षच नाही असं दाखवत राहिल्या. मी माझ्या गेटपाशी होतो. त्यांच्या कढईतली भाजी करपल्याचा वास मला तिथपर्यंत आला. त्यानंतर काका रोज येऊ लागले.

खुर्च्यांच्या जागा ठरल्या आणि गवंडी आला. त्याला काकूंची सक्त ताकीद होती : खुर्ची जिथे आणि जशी असेल, तिथे आणि तसंच बाक. काम सुरू झालं त्या दिवशी कॉलनीतल्या एका लग्नाला आम्ही सगळेच सिन्नरला गेलो होतो. परत येऊन बघतो तर तीन बाकं झाडांकडे तोंड करून बसलेली आणि चौथं सगळ्या बागेकडे पाठ फिरवून रस्त्याकडे बघतंय. अध्यक्ष गवंड्यावर तापले. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम बोलल्या व्हत्या, खुर्ची हाय तसंच बसव. खुर्ची अशीच व्हती." तेवढ्यात मागून काका म्हणाले, "मीच फिरवायचो रोज. झाडं मोठी व्हायला वेळ आहे. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. चहा टाकला की कळतं." काकूंना लाजलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. मग म्हणाल्या, "तालमीत ठरलं ते ठरलं," आणि घाईघाईनं घरात गेल्या. पुढे रोज संध्याकाळी त्या खिडकीतून चहा झाल्याची खूण करायच्या आणि काका बाकावरून हात वर करायचे. थांब जरा, येतो, असा.

मागच्या वर्षी काका गेले. कुठे पडून नाही, झोपेतच गेले.

आता मंडळात नवी मंडळी आली आहेत. वाटेवर फरशी बसवायचं घाटतंय, त्यातच एका उत्साही सभासदानं ते उलटं बाक सरळ करून घेऊ, बघणारे हसतात, असं सुचवलं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. "आधी तालीम होऊ दे. मी बसून बघते," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या त्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसलो. समोर त्यांचं घर, ओटा, तुळस, स्वयंपाकघराची अंधारी खिडकी. तिकडे बघत म्हणाल्या, "इथून घर किती छान दिसतं रे. मला माहीतच नव्हतं. मी आपली कायम आत."

मी उठलो, रस्ता ओलांडून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावला आणि चहा टाकला. साखर सापडायला वेळ लागला. चहा उकळल्यावर मी खिडकीतून खूण केली. काकू उठल्या नाहीत. त्यांनी नुसता हात वर केला. थांब जरा, येते, असा.