निळा बैल आणायला धुळ्याला

मामीचा फोन ठेवला आणि लगेच बॅग काढली. "ते निळ्या बैलाचं चित्र घेऊन जा," असं ती स्वतःहून म्हणाली होती! मामा आता नाहीत, पण त्यांनी काढलेल्या त्या चित्रावर माझा लहानपणापासून डोळा होता.

जळगावहून एसटीनेच जा. बायकांना निम्मं तिकीट, आणि एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर कपाशीच कपाशी. पारोळ्याला चहा घ्या. भजी मात्र जपून, माझी गार निघाली. धुळ्याच्या स्टँडवरून देवपूरला, मामीच्या घराकडे, रिक्षा सहज मिळते.

मामीने दाळबट्टी केली होती. तुपात बुडालेली बट्टी पोटात गेली की कुठलंही चित्र समजावून सांगता येईल असं वाटायला लागतं. मी सुरू झाले. बैलाचे दोन्ही डोळे एकाच गालावर, मागे उघडी खिडकी, खिडकीत पिवळा रस्ता. बैल म्हणजे अडकलेला माणूस आणि रस्ता म्हणजे त्याच्या हातून सुटलेलं जग!

मामीने हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. मामा मुंबईचं चित्रकलेचं शिक्षण अर्धवट सोडून, तिच्याशी लग्न करून धुळ्यात आले आणि त्यांनी जन्मभर सायकलचं दुकान चालवलं. "तुना मामानं मन कायम भाइरच राहे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "मीच त्यासले बांधी ठेवं." म्हणून तिला ते चित्र घरात नको होतं, आणि मी तिच्या भीतीवर शिक्का मारून बसले होते.

गुंडाळण्याआधी चित्र उतरवलं, पुसलं, दारातल्या उजेडात धरलं. शिंगांवरचा लाल मी इतकी वर्षं राग समजत होते. तो तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ! मामी शेतकऱ्याची लेक. चष्मा लावून ती थेट बैलाच्या नाकाशी वाकली. पोळ्याला जुनी वेसण काढून नवी घालतात. या बैलाच्या नाकात जुनी नव्हती, नवीही नव्हती.

"नाकमा वेसण नई," ती हळूच म्हणाली. "खिडकी बी उघडी शे. तरी तोंड आठे, घरमा."

मला नाचावंसं वाटलं. मामांच्या मनात नेमकं हेच होतं का, ते आता कोण सांगणार? पण चित्रात ते होतं, आणि आम्ही दोघींनी पाहिलं. चित्र पुन्हा भिंतीवर गेलं.

मी रिकाम्या हाताने घरी परतले. थोडी हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला. इतकी वर्षं ती त्या चित्राकडे पाठ करून जेवत होती. आज तिने पाट फिरवून मांडला होता.