दाजींचे राक्षस

दाजींना कुजबुजता येत नसे. सारी उमर कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. हळू आवाज नावाची काही चीज असते हे त्यांना ऐकूनच माहीत असावं. त्यामुळे आमच्या खेळातला एखादा राक्षस दाजींच्या तोंडून गुहेत दबा धरून कानात बोलल्यासारखं बोलू लागला, की राजारामपुरीत आम्ही खेळायचो त्या कॅफेखाली चहा पीत उभी असलेली माणसं माना वर करून बघायची. एकदा एक गृहस्थ जिना चढून वर आले आणि कुणाचं भांडण लागलंय म्हणून विचारू लागले. दाजी म्हणाले, "भांडण न्हाय पावणं, ड्रॅगन हाय. बसा की." ते बसले. पुढे वर्षभर दर रविवारी येत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. धंद्यानं जॉबर, म्हणजे बिघडलेल्या मागाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखून तो दुरुस्त करणारा कारागीर. मी दाजी म्हणायचो म्हणून टेबलावरचे सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. त्यात दोन इंजिनियर होते, एक नर्स होती, एक वकील होते. कोल्हापुरात एवढे मेव्हणे दुसऱ्या कुणाला असतील असं वाटत नाही.

हा खेळ घरात आणला माझ्या मुलीनं, पुण्यात शिकत असताना. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथं अडेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकून काय झालं ते ठरवायचं. सोबत राक्षसांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं: कोण किती ताकदीचा, कसा चावतो, कशानं मरतो. मुलगी नोकरीला लांब गेली आणि पुस्तक आमच्याकडे राहिलं. दाजींनी ते नेलं आणि मागाची माहितीपुस्तिका वाचावी तसं वाचून काढलं, मांडीवर शब्दकोश आणि कानावर पेन्सिल ठेवून. महिन्याभरात त्या कॅफेत रविवारचं टेबल सुरू झालं, गोष्ट सांगणारे अर्थात दाजी.

टेबलावर मी योद्धा होतो. एरवी मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देतो-घेतो आणि कुणालाही 'नाही' म्हणू शकत नाही. पंगतीत वाढणाऱ्यालासुद्धा नाही. माझं पोट त्याचाच परिणाम आहे. पहिल्याच दिवशी एका पुलावर एक अवाढव्य राक्षस आडवा आला. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या. मी मात्र घाबरून हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि राक्षसाच्या आवाजात म्हणाले, "नेसरीकडचा. हितं भनीकडं आलतो."

बहिणीकडे आलेल्या माणसावर तलवार कशी चालवणार? त्या राक्षसानं बहिणीसाठी आणलेली गुळाची ढेप आमच्याकडून वाहून घेतली आणि पूल सोडला. तेव्हापासून आमच्या टेबलावर रिवाजच पडला: आधी गाव विचारायचं, मग काय ते. म्हणून सगळे राक्षस सोडत होते असं मुळीच नाही. वारणेकाठच्या एका राक्षसिणीनं गाव, भावकी, सगळं नीट सांगितलं आणि वकिलांना खाल्लं. वकिलांनी हरकत घेतली तेव्हा दाजी म्हणाले, "वळख झाली म्हंजी भूक जाती व्हय?"

त्या जुन्या पुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या नावाखाली त्याचा स्वभाव छापलेला असे. काही जमातींपुढे तर सरसकट 'दुष्ट' लिहिलेलं, बायकापोरांसकट. दाजी तो शब्द पेन्सिलीनं खोडायचे. साधी रेघ नव्हे, शब्द दिसेनासा होईपर्यंत. मी पडलो ग्रंथालयाचा माणूस. पुस्तकात रेघोट्या बघितल्या की माझा हात खोडरबराकडे जातो. एकदा मी धीर करून म्हणालो की दाजी, छापील पुस्तक आहे, खराब कशाला करता?

दाजींनी मान वर केली नाही. "आपल्या आज्ज्यांच्या जल्माबद्दलबी पोथीत असंच लिवल्यालं हुतं. त्येनी धम्म घिऊन खोडलंच न्हवं? आन् ह्ये तर आपल्याच घरातलं पुस्तक हाय."

मी खिशातलं टोकयंत्र काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

मग पुस्तकाची नवी आवृत्ती आली. कॅफे रोहित नावाच्या तरुणाचा होता. सरळ, कष्टाळू मुलगा. त्यानं नवं राक्षसपुस्तक मागवलं आणि दाजींच्या हातात ठेवून सांगितलं की आता सगळीकडे हेच चालणार. दाजी ते कबनूरला घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी सबंध वाचून आले. आधी त्यांनी चांगलं ते सांगितलं. चित्रं झकास आहेत. पूर्वीचे राक्षस पासपोर्टच्या फोटोला उभे राहिल्यासारखे दिसायचे, आताचे काहीतरी करताना दिसतात. माहिती पटकन सापडते. मोठे राक्षस आता खरोखर मोठे वाटतात. आणि ज्या जमातीपुढचा शब्द दाजी सगळ्यात जोरानं खोडायचे, ती जमात पुस्तक काढणाऱ्यांनी राक्षसांतून उचलून माणसांतच नेऊन बसवली होती. नर्सनं टाळ्या वाजवल्या. रोहित म्हणाला की शेवटी पुस्तक तुमच्या मताला आलं. दाजी म्हणाले, "उशिरा का हुईना, आलं."

पण एका गोष्टीवर ते अडले. पूर्वी लांडग्यानं झडप घातली तरी पाय रोवून उभं राहता येतंय का ते बघायला आपल्याला एक फासा मिळे. विषारी नांगी लागली, तरी विष पचवायला एक फासा मिळे. नव्या पुस्तकात पुष्कळ राक्षसांच्या बाबतीत तो बचावाचा फासाच काढून टाकलेला. फटका बसला की माणूस पडलाच. नांगी लागली की विष भिनलंच. रोहितचं म्हणणं, त्यामुळे खेळ पळतो, कुणी ताटकळत नाही. ते खोटं नव्हतं. आमची एकेक लढाई दुसऱ्या चहापर्यंत चालायची. दाजी म्हणाले, "माग जोरात पळाला म्हंजी कापड चांगलं येतंय, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

रोहितचीही अडचण होती. पुण्याबेळगावकडून खेळायला माणसं येऊ लागली होती आणि त्यांना सगळ्या टेबलांवर एकच नियम हवा होता. त्यानं अदबीनं पण स्पष्ट सांगितलं: पुस्तकाप्रमाणे चालवा, नाहीतर रविवारचं टेबल मला दुसऱ्याला द्यावं लागेल. दाजींना ते टेबल काय होतं हे मला माहीत होतं. मालकानं निम्मे माग भंगारात काढले होते. आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं होतं. दाजी आले का, असं कुणी विचारावं अशी जागा रविवारी त्या जिन्याच्या वरच तेवढी होती.

पुढच्या रविवारी रोहित पुस्तक उघडून दाजींच्या शेजारीच बसला. दलदलीतून एक प्राणी उठला. गाव विचारेपर्यंत त्याचा पंजा बसला, आणि तोही मला. पुस्तकाप्रमाणे पंजा लागला की अंग लुळं. त्यावर लगेच चावा, म्हणजे संपलंच. मी पेन्सिल खाली ठेवली.

"टाक," दाजी म्हणाले.

"दाजी, ह्याला बचावाचा रोल नाहीये," रोहित म्हणाला.

दाजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "टाक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून मी मध्यममार्ग काढला. म्हणालो, "राहू दे दाजी, मी मरतो. माझं काही म्हणणं नाही."

दाजींनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे खालच्या रस्त्यापर्यंत, सांगितलं, "तुला मरायचं आसंल तर मर. पर फासा टाकून मर."

मी टाकला. वीसपैकी तीन पडले. मेलो.

टेबलभर हशा झाला. रोहितही हसला आणि म्हणाला की बघा दाजी, शेवटी तेच झालं. दाजी म्हणाले, "त्येच न्हाय. तुझ्या पुस्तकानं त्याला मारला आसता. आता त्यो सोताच्या हातानं मेलाय."

रोहितनं पुस्तक मिटलं. टेबल गेलं, हे सगळ्यांना कळलं. दाजींनी सामान पिशवीत भरलं आणि उठताना म्हणाले, "टेबल तुझं हाय बाबा. राक्षस माझं."

त्यानंतर आम्ही कबनूरला दाजींच्या घरी जमू लागलो. आठांपैकी पाचजण तेवढ्या लांब यायला तयार झाले. एवढे कसे तयार झाले याचं दाजींनाच नवल वाटलं. आक्काला ते मुळीच पसंत नव्हतं. आपण भूतखेत मानत नाही आणि हा बाबा दर रविवारी घरात राक्षस भरतोय, असं गल्लीला ऐकवून ती शेजारणीकडे जाऊन बसायची. दीड वर्ष ते चाललं. गेल्या हिवाळ्यात एका मागावर वाकलेले असतानाच दाजी गेले. मालक सांगत होता, हातात पाना तसाच होता.

दाजींच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला रोहित आला. मागच्या ओळीत बसला आणि चांगला रडला. ते मनापासून होतं, याबद्दल मला शंका नाही. सगळं आटोपल्यावर त्यानं मला दाराबाहेर गाठलं. रविवारचं टेबल रिकामं आहे, म्हणाला. दाजींचा फोटो भिंतीवर लावू. तुम्ही चालवा काका. पुस्तकात आहे तसं चालवायचं, एवढंच. तुमचं काय, तुम्ही वाद घालणारे नव्हे.

खरं होतं ते. माझं तोंड 'हो' म्हणायला उघडलंसुद्धा होतं.

"येतो," मी म्हणालो. "पण ज्याला फटका बसेल, त्याला फासा टाकू देईन."

"ते पुस्तकात नाही, काका."

"मग राहू दे, रोहित."

तो गाडीला किक मारून गेला. त्याला फोन करून माफी कशी मागायची, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलोच होतो. आत वळलो तर दाराआड पांढऱ्या साडीत आक्का बसलेली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आयतवारी कितीजण येणार हायसा? सांगून ठेव. तेवढा भात टाकती."