रिजिड म्हणजे कडक

भांडुपच्या आमच्या चाळीत ती दोन दारं सोडून राहायची. घरात हिंदी, शाळाही हिंदी माध्यमाची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुलुंडच्या औषध कंपनीत मी टायपिस्ट होते. तिथे आणखी एक टायपिस्ट हवी होती, तेव्हा साहेबांना तिचं नाव मीच सुचवलं. तिची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालायची. अडायचं ते इंग्रजी. येस सर, नो सर झालं की पुढे गप्प.

ते काम मी अंगावर घेतलं. मला कुठल्याही कामाची आधी यादी लागते, तशी शब्दांची केली. तिच्या जुन्या शब्दकोशातले हिंदी अर्थ इतके जड, की अर्थाचाच अर्थ शोधावा लागायचा. हठधर्मी काय, मितव्ययी काय. ते सगळे मी बाजूला ठेवले. एका इंग्रजी शब्दाला एकच अर्थ, आणि तोही रेशनच्या रांगेत चालते त्या हिंदीतला. रिलक्टंट म्हणजे ‘मन नहीं करता’. फ्रूगल म्हणजे ‘हाथ रोकके खर्चा’. शिवाय शिकलेला शब्द संध्याकाळपर्यंत चाळीतल्या कुणा एकाला लावून दाखवायचा. नीट लागला, की मी तो यादीतून खोडायचे.

तिला हा खेळ फार आवडला.

“वो ऊपरवाली मौसी एकदम फ्रूगल. चाय को पत्ती सिर्फ दिखाती है, डालती नहीं.”

“आणि तुझा भाऊ?”

“रिलक्टंट. नौकरी का नाम लिया, तो पेट में दर्द.”

आई दोरीवर कपडे घालता घालता म्हणायची, “तिका शिकवतंस गो, पण तुका कोण शिकवतलो?” मी हसण्यावारी न्यायचे.

एक दिवस रिजिड आला. शब्दकोशात ‘अनम्य’. मी म्हटलं, “कडक.”

“कडक? चाय जैसा?”

“चहा नाही गं. मोडेल, पण वाकणार नाही, तसं.”

तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या दाराकडे हनुवटी केली. “मेरे बाबूजी. टाइम हुआ कि कुंडी बंद, भले बेटी बाहर खड़ी हो.”

शब्द अगदी बरोबर लागला होता. मी तो खोडला.

पुढे पत्रव्यवहाराच्या टेबलावरचे क्लार्क निवृत्त व्हायला आले. त्या खुर्चीवरचा माणूस स्वतः पत्रं लिहायचा. आम्ही दुसऱ्यांची वाक्यं टाइप करायचो. नोकरीला लागल्यापासून माझा डोळा त्या खुर्चीवर होता. अर्ज करणार हे मी सगळ्यात आधी तिला सांगितलं, आणि तिलाही विचारलं, तू करणार का?

“मैं? पागल है क्या? वो कुर्सी तेरी है.”

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती साहेब व्हायची. गाल फुगवून प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायचे. एखादं उत्तर आवडलं, तर म्हणायची, “ये फिर से बोल.” मी पुन्हा म्हणायचे. मला वाटायचं, ती माझीच तयारी घेतेय.

मुलाखतीत साहेब म्हणाले, “कामाबद्दल शंका नाही. पण या टेबलावर माणसं सांभाळून घ्यावी लागतात. तुमच्या मैत्रिणीला सहज विचारलं, तुम्ही कशा आहात. ती म्हणाली, शी इज व्हेरी रिजिड, सर.”

“तिला का विचारलंत?”

“आत्ताच तिचीही मुलाखत झाली ना. तिनेही अर्ज केलाय. तुम्हाला माहीत नाही?”

खुर्ची तिला मिळाली.

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी विचारलं, “रिजिड म्हणालीस मला?”

“अरे यार, तारीफ की मैंने! तूनेच सिखाया ना, रिजिड मतलब कडक. कडक बोले तो झकास. कडक चाय, कडक इस्त्री, वैसी मेरी सहेली भी कडक!”

सगळे हसले. खोटं काय होतं त्यात? मुंबईत कडक म्हणजे शाबासकीच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मीही हसले असते.

“आणि तुझे बाबूजी? तेही झकास?”

चहाचा पेला तिने टेबलावर इकडून तिकडे सरकवला. चोरून केलेल्या अर्जाबद्दल तर तिला कुठल्याच भाषेत शब्द सापडला नाही.

खुर्ची मलाही हवी होती, एवढं ती म्हणाली असती, तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण तिला कळावं म्हणून मी जो सोपा अर्थ शोधला होता, नेमक्या त्याच्यामागे ती लपली. ते मला आजही पचलेलं नाही.

आता तिने लिहिलेली पत्रं माझ्याकडे टाइपला यायला लागली. पहिलं पत्र ती स्वतः घेऊन आली, अर्धवट लिहिलेलं. माझ्या टेबलाला टेकून, जुन्या सवयीने म्हणाली, “सुन ना, रिलक्टंटली में आखिर में एल एक या दो?”

“डिक्शनरी कपाटात आहे.”

ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, “कितनी रिजिड है रे तू.”

“हो,” मी म्हटलं आणि मशीनला कागद लावला. या वेळी शब्द बरोबर लागला होता.