दलदलीवर ठेवलेलं बोट

लेओकादिया म्हातारीला जगात कुणाचंच पटत नसे. सकाळी बीट घातलेल्या गारेगार ताकात गरम बटाटा बुडवून खाता खाता ती रेडिओ लावी. बातम्या देणारा श्वास घ्यायला थांबला की तेवढ्या फटीत ही आपला शेरा खुपसी. मॉस्को म्हणजे दरोडेखोर. मिन्स्क म्हणजे दरोडेखोराच्या दारचं कुत्रं. ब्रसेल्स म्हणजे घर जळत असताना बादलीची लांबी-रुंदी ठरवत बसलेले कारकून. आणि आपली राजधानी, विल्नियस? पांढरीशुभ्र पायताणं घालून कॉफी पिणारी पोरं, गाईचं शेण बघून ज्यांना भोवळ येते.

"जर्मनांची पलटण येणार म्हणे आपल्या रक्षणाला," शेजारचा झेनोनास कुंपणावरून ओरडायचा.

"येऊ देत. गेल्या खेपेला न विचारता आले होते. आता विचारून येतायत, तेवढीच काय ती सुधारणा."

रणगाड्यांना तिचा विरोध नव्हता. मिन्स्कवाल्यांची सरहद्द इतकी जवळ, की वारा तिकडचा असला तर तिकडच्या ट्रॅक्टरचा धूर नाकात शिरायचा. रणगाडे हवेतच. फक्त तिच्या अळंब्यांवरून जायला नकोत.

तिचं पुशकाइमिस हे गाव पाइनच्या रानात वसलेलं. रेताड जमीन, रायसारखं काटक धान्यसुद्धा धड उगवत नाही. माणसं जगली ती रानातल्या अळंब्यांवर. त्यामुळे इथे नवऱ्याची भानगड चव्हाट्यावर आली तर चालते, अळंबीची जागा येऊन चालत नाही. सकाळी रानातून येणाऱ्याची टोपली नेच्याच्या पानांनी झाकलेली असते. 'कुठून?' असं विचारत नाहीत. कुणी निर्लज्जानं विचारलंच, तर 'रानातून' एवढंच उत्तर.

लेओकादियाची जागा तिच्या आईची. आईनं मरताना पाद्रीबाबाला खोलीबाहेर घालवलं, मग लेकीच्या कानात सांगितली. लेओकादियानं ती नवऱ्यालाही सांगितली नाही. तो बिचारा जन्मभर सूप ओरपत राहिला, अळंबी कुठली ते न कळताच गेला. आता छातीत कळा येऊ लागल्या तशी म्हातारीनं डब्लिनला फोन केला. लेक यूर्गिता तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला होती.

"यंदा नाताळाला नको, शरदात ये. दाखवायचंय."

काय दाखवायचंय ते यूर्गिताला न सांगता कळलं, आणि का तेही कळलं.

नेमकं त्याच उन्हाळ्यात सैन्यानं रान मागितलं. सरावाचं मैदान करायचं होतं. गावच्या वाचनालयात सभा भरली. मेजर गिन्ताउतास नावाचा, कान अजून कोवळे असलेला एक अधिकारी टेबलावर नकाशा पसरून उभा राहिला.

"आम्हाला तुमचं रान ओरबाडायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही अळंब्या कुठे गोळा करता तेवढं दाखवा. तो भाग आम्ही सोडून देऊ. बाकीच्याला कुंपण."

सभेत खुर्च्या करकरल्या. विल्नियसचा मूर्ख! चारचौघांत माणसाला कपडे उतरव म्हणणाऱ्याला निदान कळत तरी असतं आपण काय म्हणतोय ते.

"एकेकानं या. आजी, तुम्ही आधी."

लेओकादिया उठली. तिची टेकडी नकाशावर लख्ख दिसत होती. जुन्या मेणाच्या भट्टीच्या मागची, उत्तरेच्या उताराची. तिथली जाड देठाची तपकिरी अळंबी दवात अशी चमके, की घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवावासा वाटे. बोट त्या दिशेनं निघालंही. मागे झेनोनासचा लसूण खाल्लेला श्वास मानेवर आला. समोर गणवेश. गणवेशासमोर नकाशा.

ती लहान असताना असाच एक गणवेश त्यांच्या ओट्यावर नकाशा घेऊन आला होता. रशियन बोलणारा. रानात राहून त्यांच्याशी लढणारी माणसं कुठे लपलीत, म्हणून विचारत होता. मामा तेव्हा त्याच टेकडीत होता. आईनं क्षणाचाही विचार न करता बोट ठेवलं होतं ते बेडकांच्या दलदलीवर, जिथे चिखलाशिवाय काही नाही.

लेओकादियाचं बोट बेडकांच्या दलदलीवर जाऊन टेकलं.

"इथे?" मेजरनं विचारलं. "नक्की?"

"म्हणजे काय! ढिगानं असतात."

त्यानं खूण केली, वर सलाम ठोकला. म्हातारी घरी आली ती शेपूट उंच केलेल्या मांजरीसारखी. फसवला! आपल्याच सैन्याला फसवलं हे ध्यानात यायला तिला दोन रात्री लागल्या.

तोवर निकाल लागला होता. मेजर स्वतः सांगायला आला, चेहरा आनंदानं फुललेला.

"इतकं एकमत मी कुठल्याच गावात पाहिलं नाही! अख्ख्या गावानं एकच जागा दाखवली. दलदल तुमची, कायमची. फळ्यांची पायवाटसुद्धा घालून देतो. टेकड्या तेवढ्या आम्ही घेतो."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी लेओकादिया चर्चला जायचा झगा घालून मेजरच्या तंबूत गेली. खरं सांगून टाकू, एकट्याला, कानात. आत झेनोनास आधीच बसलेला, टोपी मांडीवर.

"तू कशाला आलास?"

"हवामान विचारायला. तू गं?"

"मीही हवामानच."

"मग विचार की."

"आधी तू. तू आधी आलायस."

"बायकांना आधी मान असतो."

"एवढं वय झालं, आज मान आठवला होय रे तुला? माझी कोंबडी चोरलीस तेव्हा कुठे होता मान?"

मेजर आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. "आजोबा, आजी, काही अडचण आहे का? अजून बदल करता येईल. आजच्या दिवस."

झेनोनास खोकला. लेओकादियानं तोंड उघडलं. झेनोनासचे कान सशासारखे टवकारले. तिनं तोंड मिटलं.

चहा आला, चहा गार झाला. तंबूवरचं ऊन उतरलं. दोघंही उठायला तयार नव्हती. शेवटी मेजरलाच कुठेसं जायचं होतं.

"पाऊस पडेल की नाही?" झेनोनासनं विचारलं.

"पडेल, आजोबा."

"झालं तर मग," लेओकादिया म्हणाली आणि दोघं बाहेर पडली. वाटभर एकमेकांना शिव्या देत.

शरदात यूर्गिता आली तेव्हा तारा ओढून झाल्या होत्या. मायलेकी पहाटे निघाल्या. आधी उलट्या दिशेनं, मग ओढ्यातून, मग कुंपणाशी. पलीकडे रणगाड्यांनी वाळू नांगरून काढली होती. टेकडीचा उत्तर उतार मात्र अजून शाबूत दिसत होता.

"आई, आता सांगून काय उपयोग? तिथे जाणार कोण?"

"डोंबल तुझं! माझ्या आईनं किती झेंडे उतरलेले पाहिले, तुला ठाऊकय? प्रत्येक जण म्हणायचा, मी आता कायमचा. हे तर आपलेच आहेत, तेवढेही टिकायचे नाहीत. तारा गंजतात, सरकारं कुजतात. अळंबी जमिनीखाली असते. ती वाट बघते. माझ्यानं तेवढी वाट बघवायची नाही, म्हणून ऐक."

तिनं लेकीच्या गळ्यात हात टाकला, तिचं डोकं खाली ओढलं. तेवढ्यात काटकी मोडल्याचा आवाज झाला. कुंपणाच्या कडेनं, थोड्या अंतरावर झेनोनास उभा होता. हातात टोपली, शेजारी शहरातून आणलेली सून.

"काय गं लेओका, लेकीला काय दाखवतेस?"

"बेडूक!" ती ओरडली.

आणि एक हात लांब करून तिनं ठसक्यात दलदलीकडे बोट दाखवलं. ओठ मात्र यूर्गिताच्या कानाला लागलेले. मेणाची भट्टी, तिच्यामागचा उतार, वीज पडून दुभंगलेलं झाड, ती एकेक खूण सावकाश सांगत राहिली. लेक बोटाकडे बघत होती आणि मान डोलवत होती.