झाकणावरची तारीख

उन्हाळ्यात नागपुरात जेवढे लोक तहानेनं हैराण होतात, त्यातले निम्मे उन्हामुळे होतात आणि उरलेले निम्मे आमच्या साडूंमुळे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जन्म औषधाच्या दुकानात गेला. मुदत संपलेल्या गोळ्या वेचून बाजूला काढता काढता माणूस निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. ती पाण्याच्या बाटल्यांवर येऊन बसली. बाटली हातात आली की आधी चष्मा, मग तारीख, मग सील, मग उजेडात धरून गाळ, आणि शेवटी ती ठेवली कुठे होती याची उलटतपासणी. इतवारीत एकदा भर उन्हात हातगाडीवर रचलेल्या बाटल्या पाहून त्यांनी गाडीवाल्यालाच धरलं. तो बिचारा म्हणाला, "पाण्याले कायची एक्सपायरी जी, काका?" साडू शांतपणे म्हणाले, "पाण्याले नसते गा, बाटलीले असते. पाणी म्हातारं होत नाही, बाटली होते." आम्ही तहानलेलेच घरी आलो.

भिवापूरला एका लग्नाला जाताना गाडीत काचेपाशी राहिलेली माझी बाटली तापली, तर ती त्यांनी माझ्या तोंडापासून काढून बाभळीच्या बुडाशी ओतली. त्याच लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना मांडवाच्या कोपऱ्यातून कडकड आवाज येऊ लागला. साडू रिकाम्या बाटल्या चुरगाळत होते. "न चुरगाळता फेकली तं कोणीबी नळाचं पाणी भरून विकते," हे त्यांनी नवरदेवाच्या मामालाही समजावून सांगितलं. मी त्या दिवशी इतका थकलो होतो की मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

उघडलेल्या बाटलीचा कायदा आणखी कडक. खिशातल्या मार्करनं झाकणावर तारीख टाकायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेलं पाणी कुंडीत. त्यावर अपील नाही. हा कायदा मोडायची हिंमत फक्त आमच्या मेव्हणीत, म्हणजे त्यांच्या बायकोत होती. ते चष्मा शोधत असतानाच ती बाटली ओढून घ्यायची आणि घटाघटा प्यायची. "थांब ना वं, तारीख तं पाहू दे!" असं ते ओरडायचे. ती तोंड पुसत म्हणायची, "माह्या कपाळावर बी टाकून द्या एखादी तारीख, म्हणजे झालं तुमचं समाधान."

दोन वर्षांपूर्वी मेव्हणी गेली. त्यानंतर साडूंची तपासणी वाढतच गेली, आणि त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. मी ऐकून ऐकून दमलो होतो. माझी एकच इच्छा उरली होती: यांच्या घरात मुदत संपलेलं काहीतरी सापडावं आणि या माणसाला आयुष्यात एकदा तरी रंगेहाथ पकडावं.

यंदा मे महिन्यात ती संधी आली. दुपारी त्यांच्याकडे गेलो तो घशाला कोरड पडलेली, म्हणून सरळ फ्रीज उघडला. पुढे स्टीलच्या बाटल्यांची रांग, आणि अगदी मागे प्लास्टिकची एक बाटली, अर्धी भरलेली. झाकणावर मार्करची तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! "साडभाऊ, सापडले! आज तुम्ही सापडले!" असं ओरडत मी बाटली मोरीपाशी नेली आणि झाकणाला हात घातला.

या वयात ते इतक्या जोरात धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

"सांडू नका जी," ते म्हणाले. "दवाखान्यातली हाय. अर्धी पेली तिनं. म्हणे, उरलेली उद्या पिते."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लुंगीच्या टोकानं पुसली, होती तिथेच ठेवली आणि माझ्यासाठी आतल्या खोलीतून एक सीलबंद बाटली आणली. मला फार तहान लागली होती. तरी मी खिशातून चष्मा काढून लावला आणि तिच्यावरची तारीख, कुणी न सांगता, त्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली.