ओळीने सतरा एक

धाकट्या, तू हट्टी होतास, हे आधी लिहून मोकळी होते. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही.

काडी मीच टाकली. कॉलेजात सरांनी फळ्यावर नुसते एक मांडले होते. दोन एक म्हणजे अकरा, त्याला कुणाचाच भाग जात नाही. तीन एकांना सदतिसाचा जातो. ओळीने एकोणीस मांडले तर पुन्हा कुणाचाच नाही. सतरांना मात्र जातो. कोणाचा, ते शोधा, म्हणून सर निघून गेले. आम्ही चहाला गेलो. घरी येऊन ऐट मारायला मी ते तुला सांगितलं. नववीत शाळा सुटलेला तू तेव्हा बाइंडरकडे पुस्तकांना खळ लावत होतास.

तू चहाला गेला नाहीस. ग्रंथालयातून बांधायला आलेल्या कोष्टकातून मूळ संख्या उतरवून घेतल्यास आणि पुस्तकांच्या कडा कापून पडलेल्या लांब पट्ट्यांवर भागाकार मांडायला लागलास. रोज संध्याकाळी सहा पट्ट्या, एकीवर एक भागाकार. बाकी उरली की पट्टी दोऱ्यात ओवायची. कपाटात पट्ट्या, पलंगाखाली पट्ट्या.

“वन्सं, लोकांच्या सवतीला दोन पाय असतात, माझ्या सवतीला सतरा आहेत,” तुझी बायको म्हणायची.

“हसा लेको. बाकी शून्य आलेली मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय.”

बत्तीस वर्षांत नऊ लाखांजवळच्या मूळ संख्यांपर्यंत पोचलास. मग काचबिंदूने नजर कडेकडून खात आणली. शेवटच्या पट्ट्यांवर ओळी एकमेकींवर चढल्यात. पुढे नुसताच बसून असायचास, आणि तसाच गेलास.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीने संगणकावर ते सतरा एक घातले. पापणी लवायच्या आत भाजक आला: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. तू निम्म्या वाटेवरही नव्हतास. मग मी माझं जुनं पुस्तक काढलं. ज्या मूळ संख्येने या आकड्याला भाग जातो, तिला सतराने भागलं की बाकी एकच उरते, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे दर सोळा पट्ट्यांतल्या पंधरा मांडायचीच गरज नव्हती. तुझ्याच गतीने साडेचार वर्षांत शून्य दिसलं असतं.

पहिल्याच वर्षी तू मला दारात गाठलं होतंस.

“ताई, सरांना एवढं विचार. उत्तर नको, ते मी काढीन. यातल्या काही संख्या भागून न बघता सोडता येतात का?”

“विचारते.”

“नक्की?”

“अरे, विचारते म्हटलं ना!”

सर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. खळीचे डाग पडलेली पट्टी त्यांच्यापुढे काढायची मला लाज वाटली. तू आणखी दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी सांगितलं, सर बाहेरगावी आहेत. मग तू विचारायचं सोडलंस. बारा वर्षांनी सर वारले, तेव्हा तू तीन लाखांत होतास.